कॉम्प्युटर सायन्सची डिग्री पैशात परवडते का? स्वतःचा हिशोब स्वतः कसा मांडायचा

सीएस (कॉम्प्युटर सायन्स) करावं का असं कुणी विचारलं की समोरून दोनच प्रश्न येतात, फी किती आणि पॅकेज किती. मग फी एका बाजूला, पॅकेज दुसऱ्या बाजूला, दोन-तीन वर्षांत पैसे वसूल, चला घ्या अ‍ॅडमिशन. हा हिशोब दोन्हीकडून चुकतो. फी हा एकूण खर्चाचा एक तुकडा असतो, बऱ्याचदा छोटाच. आणि पॅकेज म्हणजे डिग्रीची कमाई नव्हेच, कारण डिग्री नसती तरी तुम्ही काहीतरी कमावलंच असतं ना? डिग्रीने मिळवून दिलं ते म्हणजे त्या दोन पगारांमधला फरक, तेवढंच.

खाली मी कुठलंही चलन वापरत नाहीये, मुद्दाम. तुम्हाला आज, या घडीला, डिग्रीशिवाय जे काम मिळू शकतं त्याचा वर्षाचा हातात पडणारा पगार म्हणजे 100 धरा. बाकी सगळं त्याच मापात. माझे आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत, त्या जागी तुमचे टाकायचे. एक्सेल उघडा नाहीतर वही घ्या, तासाभरात होतं.

पायरी 1: डिग्री नाही केली तर काय करणार, ते आधी लिहा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि उत्तर बदलतं ते इथेच. लगेच कामाला लागणार? दुसरी कुठली डिग्री करणार? छोटा कोर्स किंवा बूटकॅम्प (काही महिन्यांत कोडिंग शिकवणारा वर्ग) करून ज्युनियर जॉब शोधणार? आधी काम आणि मग संध्याकाळची डिग्री? यातला जो पर्याय तुम्ही खरंच निवडाल तोच लिहा, स्वप्नातला नको.

कारण बघा, ज्याचा दुसरा पर्याय म्हणजे दुसरी चार वर्षांचीच डिग्री आहे, त्याची चार वर्षं तशीही जाणारच. त्याने फक्त दोन डिग्र्यांच्या फीमधला आणि नंतरच्या पगारामधला फरक बघायचा. ज्याच्याकडे आत्ताच चांगली नोकरी आहे आणि ती सोडून शिकायचंय त्याचा खर्च कितीतरी पट जास्त. कॉलेज तेच, फी तीच, वर्गात बाक शेजारी शेजारी, तरी एकाला डिग्री स्वस्त आणि दुसऱ्याला महाग. म्हणून मित्राचा हिशोब उसना घेऊ नका.

पायरी 2: खरा खर्च काढा

आधी सरळ खर्च. ट्युशन फी, परीक्षा फी, लॅब, लायब्ररी, लॅपटॉप (चार वर्षं चालेल असा, म्हणजे एकदाच घ्यावा लागेल), होस्टेलचं डिपॉझिट. राहण्याखाण्याचा पूर्ण खर्च यात टाकू नका. डिग्री केली काय नाही केली काय, जेवायला तर लागणारच, त्यामुळे घरी राहिलात तर जेवढं लागलं असतं त्याच्या वरचा भाग तेवढा धरायचा. लोक हे सगळं एकत्र करून आकडा फुगवतात नाहीतर साफ विसरतात.

दोन गोष्टी कॉलेजला स्पष्ट विचारा, जमलं तर लेखी घ्या. एक, फी आपल्या बॅचसाठी चारही वर्षं तीच राहणार की दरवर्षी वाढणार. दुसरं, स्कॉलरशिप असेल तर ती पहिल्या वर्षापुरती आहे की पुढेही, आणि टिकवायला किती मार्क लागतात. पहिल्या वर्षी निम्मी फी माफ आणि पुढे एका सेमिस्टरला मार्क घसरले की पूर्ण फी, असं असेल तर हिशोबात ती सवलत एकाच वर्षाची धरा, पुढची मिळाली तर बोनस.

आता न कमावलेला पगार. समजा सरळ खर्च वर्षाला 40. चार वर्षांचे 160. त्याच चार वर्षांत डिग्रीशिवाय काम केलं असतं तर 400 आले असते. झाले 560. मधल्या सुट्ट्यांत इंटर्नशिप करून 20 मिळवले तर 540. आता या 540 कडे नीट बघा. फी आणि बाकीचा सरळ खर्च 160, म्हणजे तिसऱ्या भागापेक्षाही कमी. घरात सगळी चर्चा मात्र त्या 160 वर चालते.

यातूनच एक गोष्ट निघते जी माहितीपत्रकात कधीच नसते. विषय राहिले आणि डिग्रीला चारऐवजी पाच वर्षं लागली तर नुकसान फक्त 40 चं नाही. पाचव्या वर्षी तुम्ही डिग्रीवाल्या पगारावर असायला हवे होतात, तो 160 असेल तर तोही गेला. एका जास्तीच्या वर्षाची किंमत 200, चार वर्षांच्या सगळ्या सरळ खर्चापेक्षा जास्त. त्यामुळे कॉलेज निवडताना वेळेत पास होणाऱ्यांचं प्रमाण नक्की विचारा, हा आकडा मला तरी फीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पायरी 3: लोन असेल तर

समजा तो 160 चा सरळ खर्च पूर्ण लोनवर आहे, दरवर्षाच्या सुरुवातीला 40 उचलले, व्याज 10 टक्के, शिकताना हप्ता नाही. ऐकायला छान वाटतं, पण व्याज थांबलेलं नसतं. पहिल्या वर्षाच्या 40 वर चार वर्षं, दुसऱ्याच्या 40 वर तीन, असं सरळव्याजाने धरलं तरी डिग्री हातात येईपर्यंत 160 चे 200 झालेले असतात. मग 10 वर्षांचा ईएमआय लावला तर एकूण परतफेड साधारण 317. उचलले 160, भरले 317.

ईएमआय वर्षाला जवळपास 32 पडतो. हातात 160 येत असतील तर पगाराचा पाचवा भाग, जमून जातं. पण पगार 115 च मिळाला तर चौथ्या भागापेक्षा जास्त हप्त्यात जाणार आणि भाडं वगैरे भरून हातात काही उरणार नाही. म्हणून लोन ठरवताना चांगल्या पगाराचा नाही, वाईट पगाराचा आकडा घ्या. शक्य असेल तर शिकताना निदान व्याज भरत राहा, मुद्दल फुगत नाही. आणि हो, एकूण हिशोबात मूळ फी आणि ईएमआय दोन्ही धरू नका, तोच पैसा दोनदा मोजला जातो, कुठलंतरी एक घ्या.

पायरी 4: कमाईचा आकडा, इथे सगळ्यात जास्त धूळफेक असते

कॉलेजची जाहिरात सरासरी सांगते. सरासरीने काय होतं बघा. 12 जणांचा वर्ग घ्या. पाच जणांना 130 चा जॉब, चार जणांना 160 चा, एकाला कुठल्यातरी मोठ्या कंपनीत 600 चा, दोघांना काहीच नाही. जाहिरातीत येतं सरासरी पॅकेज 189, कारण जॉब न मिळालेले दोघं मोजलेच नाहीत आणि त्या एका 600 वाल्याने सगळ्यांना वर खेचलं. आता 189 किंवा त्याहून जास्त मिळालेला विद्यार्थी शोधा बरं, एकच सापडतो. फक्त जॉब मिळालेल्यांचा मध्यक काढला, म्हणजे पगाराने रांगेत उभं करून मधला बघितला (10 जणांत मधले दोघं येतात, 130 आणि 160, त्यांची सरासरी), तर येतो 145. आणि सगळ्या 12 जणांचा मध्यक, 130. तोच वर्ग, तीन आकडे. तुम्हाला हवा आहे तो तिसरा.

म्हणून प्लेसमेंट सेलला विचारायचे प्रश्न असे: मध्यक किती? किती जणांपैकी, म्हणजे पूर्ण बॅचपैकी की फक्त नाव नोंदवलेल्यांपैकी? पुढे शिकायला गेलेले, स्वतः जॉब शोधलेले, न मिळालेले, यांना कुठे धरलंय? एकाच मुलाला तीन ऑफर आल्या तर त्या तीन मोजल्या का? उत्तर देताना समोरचा गोलगोल बोलायला लागला तर ते पण उत्तरच आहे.

मग पॅकेज फोडा. त्यात जॉइनिंग बोनस असतो, तो एकदाच. व्हेरिएबल असतो, तो कंपनी चांगली चालली तर. शेअर असतात, ते साधारणपणे चार वर्षांत थोडेथोडे मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य. कंपनी अजून बाजारात लिस्टेड नसेल तर त्या शेअरची किंमत हिशोबात मी शून्यच धरतो, नंतर काही निघालं तर आनंद आहे. कर आणि कपाती काढून दर महिन्याला खात्यात किती येणार तोच आकडा घ्या, आणि जॉब महागड्या शहरात असेल तर जास्तीचं भाडंही वजा करा.

खरा डेटा कुठे मिळतो? काही देशांत सरकारच देतं. अमेरिकेत शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड आहे, त्यात कॉलेजनुसार आणि विषयानुसार नंतरची कमाई दिसते, ती सरकारी नोंदींतून घेतलेली असते, पण सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच. इंग्लंडमध्ये लाँजिट्यूडिनल एज्युकेशन आउटकम्स नावाचा डेटा आहे, तोही कराच्या नोंदींवर उभा. तुमच्या इथे असं काही नसेल तर लिंक्डइनवर त्या कॉलेजची, त्या ब्रँचची, तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेली बॅच शोधा आणि जी नावं येतील ती क्रमाने पहिली 40 घ्या, निवडून नाही. कोण कुठे, काय पदावर ते लिहा. पगार नाही कळणार पण पदं कळतील, आणि किती जण या फील्डमध्येच नाहीत तेही. ज्यांना जॉब मिळाला नाही ते तिथे कमी दिसतात, तेवढं मनात धरून चाला. पगार सांगणाऱ्या वेबसाइटवरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात, आणि चांगला पगार असलेला माणूस ते जरा उत्साहाने भरतो.

पायरी 5: फरक काढा आणि वसुलीची वर्षं मोजा

डिग्रीनंतर पहिल्या वर्षी हातात 160. डिग्री न करता चार वर्षं काम केलेला माणूस तोवर 100 वर थांबलेला नसतो, समजा 115 वर पोचला. फरक 45. खर्च 540. भागाकार करा, 12 वर्षं. पगार 160 ऐवजी 200 मिळाला तर फरक 85 आणि वसुली साधारण साडेसहा वर्षांत. म्हणजे पगार चतुर्थांशाने वाढला आणि वसुलीचा काळ जवळपास निम्मा झाला. फरकावर हिशोब चालतो म्हणून तो इतका संवेदनशील आहे, पगाराच्या अंदाजात थोडी चूक झाली की शेवटचं उत्तर खूप हलतं.

त्यातही एक गंमत राहिली. 12 वर्षांनी येणारे 45 आजच्या 45 इतके नसतात. तेच पैसे तुम्ही दुसरीकडे वर्षाला 6 टक्क्यांनी गुंतवू शकत असाल तर 12 वर्षांनंतरचे 45 म्हणजे आजचे साधारण 22. हे धरून, आणि फरक कायम 45 च राहतो असं मानून, 540 वसूल व्हायला 12 नाही तर जवळपास 22 वर्षं लागतात. 85 चा फरक असेल तर साडेसहाची सव्वाआठ होतात. फरक जितका बारीक तितका वेळ जास्त खातो. एक्सेलमध्ये एनपीव्ही नावाचा, पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढणारा फॉर्म्युला आहे, तो वापरा, हाताने करायची गरज नाही.

फरक पुढे वाढेल की कमी होईल? इथे डेव्हिड डेमिंग आणि कादीम नोरे या अर्थतज्ज्ञांचं 2020 चं काम माहीत असायला हवं. अमेरिकेच्या डेटावरून त्यांना दिसलं की कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग अशा विषयांच्या पदवीधरांना इतरांपेक्षा जो जास्तीचा पगार मिळतो तो सुरुवातीला मोठा असतो आणि मग वेगाने कमी होत जातो. कारण या कामात लागणारी कौशल्यं फार पटकन बदलतात, कॉलेजात शिकलेलं जुनं होतं आणि नवीन फ्रेशर नवीन गोष्टी शिकून येतो. म्हणजे तुमचा दुसरा पर्याय दुसरी डिग्री असेल तर पहिल्या वर्षाचा फरक 30 वर्षं तसाच ताणू नका, दर काही वर्षांनी थोडा कमी करत न्या. आणि नोकरीत असताना स्वतःला अपडेट ठेवायला जो वेळ आणि पैसा जातो तोही या फील्डचा खर्चच आहे, कुणी लिहीत नाही एवढंच.

पायरी 6: तीन रकाने करा

चांगला, मधला, वाईट. चांगल्यात पगार 200, मधल्यात 160, वाईटात 115, म्हणजे डिग्री करून पण डिग्रीशिवाय असता तिथेच. प्रत्येकाची शक्यता लिहा, समजा 25, 50 आणि 25 टक्के. फरकाची सरासरी येते पावणेचव्वेचाळीस. छान दिसते, पण तुम्हाला आयुष्य एकच मिळणार आहे, चारातल्या एका वेळी फरक शून्य आहे आणि लोन तर आहेच, तो रकाना वाचून झोप लागते का ते बघा.

वाईट रकाना खोटा नाही. 2000 नंतर डॉट-कॉमचा फुगा फुटला तेव्हा या क्षेत्रात नोकऱ्या गेल्या, 2022 आणि 2023 मध्ये मोठमोठ्या टेक कंपन्यांनी लोक कमी केले. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये दिलेल्या आकड्यांत अमेरिकेतल्या नव्या सीएस पदवीधरांची बेरोजगारी 6.1 टक्के होती, बऱ्याच इतर विषयांपेक्षा जास्त. हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरला, पण त्याच तक्त्यातली दुसरी गोष्ट फारशी फिरली नाही, की डिग्री लागत नाही असल्या कामात अडकलेल्यांचं प्रमाण सीएसवाल्यांमध्ये बऱ्यापैकी कमी होतं. म्हणजे जॉब मिळायला वेळ लागतोय, पण मिळतो तो डिग्रीला साजेसा. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे.

आणि मंदीत पास झालात तर? कॅनडातल्या पदवीधरांवर ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांचा 2012 चा अभ्यास आहे, साधारण मंदीत बाहेर पडणाऱ्यांची कमाई सुरुवातीला 9 टक्क्यांनी कमी, पाच वर्षांत तो तोटा निम्मा आणि 10 वर्षांत संपतो. चार वर्षांनंतर बाजार कसा असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे मधल्या रकान्यातसुद्धा पहिली काही वर्षं थोडी कमी धरलेली बरी. एआयमुळे काय होणार यावर रोज नवीन भाकीत येतं, माझ्या मते त्याचा वेगळा रकाना करू नका, वाईट रकान्याची शक्यता 25 ची 35 करा आणि उत्तर टिकतं का बघा.

पायरी 7: खर्च खाली आणायच्या जागा

मूळ ज्ञान आज जवळजवळ फुकट आहे, एमआयटीचं ओपनकोर्सवेअर, म्हणजे त्यांच्या कोर्सचं साहित्य ऑनलाइन फुकट, 2002 पासून आहे, हार्वर्डचा सीएस50 हा सीएसचा सुरुवातीचा कोर्स ऑनलाइन फुकट करता येतो. मग फी कशाची देतो आपण? कागदाची, सोबत शिकणाऱ्यांची, कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांची, आणि काही ठिकाणी व्हिसाची. अमेरिकेच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी किंवा तिच्या बरोबरीचं काहीतरी लागतंच. परदेशी जायचंय तर डिग्रीला वेगळी किंमत आहे. इथेच, छोट्या कंपनीत, कामाचे नमुने दाखवून जॉब मिळण्यासारखा असेल तर तेवढी नाही.

म्हणून फी भरायच्या आधी सीएस50 चे पहिले काही आठवडे असाइनमेंटसकट करून बघा, नुसते व्हिडिओ नाही. तासनतास एका बगवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीवर, बसणं अजिबात सहन होत नसेल तर ते आत्ता कळलेलं खूप स्वस्त.

नावाजलेल्या कॉलेजला दुप्पट फी द्यायची का? डेल आणि क्रूगर या अभ्यासकांनी 2002 मध्ये दाखवलं की मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्यांची पुढची कमाई साधारण सारखीच होती. अभ्यास अमेरिकेतला आणि सगळ्या विषयांचा आहे, आणि गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजचा फायदा दिसला. घरात, नात्यात या फील्डमधलं कुणीच नसेल तर नावाचे पैसे द्यायला मी थोडा तयार होईन, ओळखी असतील तर नाही.

बाकी जागा: आधीची वर्षं स्वस्त कॉलेजात करून नंतर ट्रान्सफर, पण आधी पास झालेल्या विषयांचे क्रेडिट नवीन कॉलेज धरणार का हे लेखी घ्या. नोकरी करत डिग्री, ज्यात न कमावलेल्या पगाराचे ते 400 वाचतात. आणि मास्टर्सचा विचार असेल तर जॉर्जिया टेकचा ऑनलाइन सीएस मास्टर्स 2014 ला सुरू झाला तेव्हा पूर्ण डिग्री साधारण 7,000 डॉलरमध्ये होती, त्याच्याशी तुलना करून मगच महागड्या मास्टर्सकडे बघा.

पायरी 8: निर्णय, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परत हिशोब

माझे ढोबळ नियम, तुम्ही तुमचे ठरवा. मधल्या रकान्यात व्याज (पायरी 5 मधले 6 टक्के) धरून 12 वर्षांच्या आत वसूल होत असेल तर पैशाच्या बाजूने हो. 20 च्या पुढे जात असेल तर पैसा हे कारण सांगू नका, आवड म्हणून करा, तेही चालतं, फक्त मग लोन छोटं ठेवा. वाईट रकान्यात ईएमआय पगाराच्या पाचव्या भागाच्या वर जात असेल तर तेवढं लोन घेऊ नका, कॉलेज बदला. आमचं वरचं उदाहरण, 160 पगार आणि पूर्ण लोन, या नियमांत नापास होतं बरं का, जरी 12 वर्षांचा साधा भागाकार ठीकठाक वाटत होता तरी.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स हे सीएसचे पायाचे विषय होऊन गेलेले असतात, आपल्याला जमतंय की नाही हे कळलेलं असतं, तेव्हा कागद परत काढा. पण यावेळी गेलेली दोन वर्षं आणि दिलेली फी खोडून टाका, ते पैसे सोडलं तरी परत येणार नाहीत. पुढची दोन वर्षंच मोजा. सरळ खर्च 80, न मिळणारा पगार 200, इंटर्नशिपचे 20 वजा, उरले 260. भागिले 45, पावणेसहा वर्षं. सुरुवातीला न परवडणारी डिग्री अर्ध्यावरून पूर्ण करणं परवडतं ते असं, अर्थात पास होण्याची शक्यता चांगली असेल तरच. आणि जमतच नसेल, विषय साचत चालले असतील, तर त्या 260 मध्ये दर जास्तीच्या वर्षाचे 200 मिळवा आणि मग भागाकार करा.